सखारामाचं कडवं

गारखेड्यात कडुबा हिवराळे कुठं राहतात असं विचारलं, तर बाया एक खूण सांगतात आणि बाप्ये दुसरी. बाया म्हणतात, ते पाणी सोडणारे अण्णा का? नोकरीची सगळी वर्षं अण्णा पालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडायला होते, आणि ज्या शहरात नळाला पाणी आलं की बाया हातातलं लाटणं टाकून धावतात, तिथं व्हॉल्व्हवाल्याला जावयापेक्षा जास्त मान असतो. बाप्ये मात्र म्हणतात, काठीचं गाणं म्हणणारे शाहीर. अण्णांना विचाराल तर दुसरी खूण खरी. पहिली पोटासाठी होती.

एप्रिल उजाडला, जयंतीचे मांडव पडायला लागले, की सत्तरीचे अण्णा पंचविशीचे होत. पेटी त्यांची, ढोलकी संघपालची, मागं झील धरायला गल्लीतलेच दोघं-तिघं. या वस्तीतून त्या वस्तीत, महिना-दीड महिना घरच्यांना दर्शन दुर्लभ. आणि कुठंही गेले तरी लोक एकाच गाण्यासाठी थांबायचे.

*हैदराबादी राजा बसला, खुर्ची मांडून, टोपी घालून*
*भाकर देतो मोजून मोजून, विटा मागतो ढीग लावून*
*भुसा देईना, माती देईना, म्हणतो विटा पाडा गं*
*काठी ठेविली काठावरती, पाणी दुभंगलं गं*
*लेकुरवाळी पल्याड गेली, कुणी नाही बुडालं गं*

गायन पार्टीची एक रीत आहे. नुसतं गाऊन भागत नाही. कडवं झालं की पेटी हलकी करायची, ढोलकीवर नुसता ठेका ठेवायचा आणि कडव्यात काय आहे ते लोकांना फोडून सांगायचं. ज्याला फोडून सांगता येत नाही तो गवई असेल, शाहीर नव्हे. अण्णांची यात मास्टरी. खुर्चीवरचा टोपीवाला राजा म्हणजे निजाम. दुभंगलेलं पाणी म्हणजे महाडचं तळं. आणि काठी कोणती? उतारवयातल्या फोटोत बाबासाहेबांच्या हातात असते ती. हे सांगताना अण्णा स्वतः उभे राहून हाताची मूठ अशी धरायचे की काठी दिसायची. म्हाताऱ्या बाया डोळ्याला पदर लावायच्या.

एकाच ओळीशी अण्णांचं जमत नसे. भुशाच्या. राजा भुसा देत नाही आणि विटा मागतो, म्हणजे काय? विटांना भुसा कशाला? चाळीस वर्षं अण्णांनी त्या ओळीला पेटी जरा मोठी करून वेळ मारून नेली.

शेवटच्या कडव्यात मात्र ते आवाज खाली आणत. *सखारामानं ठेविली काठी, पाणी दुभंगलं गं.* मग पेटी पूर्ण थांबवून सांगत, की शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो हे तुम्हाला ठाऊक आहे. हा सखाराम म्हणजे माझा बाप. हे गाणं त्यांनी रचलेलं.

एवढ्या एका वाक्यावर अण्णांचा अर्धा जीव टांगलेला होता. त्याचं कारण समजून घेतलं पाहिजे. त्यांच्या वयाच्या सगळ्या सोबत्यांचे बाप काहीतरी होते. कुणाचा बाप सत्याग्रहात तुरुंगात गेलेला, कुणी नागपूरला दीक्षेला चालत गेलेला. कडुबाचा बाप धान्याच्या मोंढ्यात पोती वाहायचा. घरी आला की भिंतीला टेकून बसायचा आणि भाकरी समोर येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कडुबा बारा-तेरा वर्षांचा असताना तो गेला, तेही तसाच न बोलता. पाठीवरचे घट्टे सोडले तर पोराला आठवावं असं काही त्यानं ठेवलं नव्हतं. ठेवलं होतं ते हे गाणं, आणि तेही आईच्या तोंडून आलेलं. आई मनकर्णाबाई भाकरी थापताना ते म्हणायची. तीही पुढं गेली. मग तरुण कडुबानं गाण्याला पेटी लावली, आई "मिसर देशी राजा" म्हणायची ते ऐकणाऱ्यांना कळेना म्हणून तिथं "हैदराबादी" बसवलं, आणि शेवटच्या ओळीतल्या नावावरून बापाला शाहीर केलं. गाणं कुणाचं, कुठून आणलं, हे आईला विचारायचं राहून गेलं. आईला गाण्याबद्दल कोण विचारतो? भाकरीबद्दलसुद्धा कुणी विचारत नाही.

यंदा वस्तीतल्या विहारापुढचं मोकळं मैदान बांधून काढलं, एका बाजूला पक्का रंगमंच झाला. समितीचा अध्यक्ष अभय, तरुण पोरगा, शाळेत मास्तर, बोलायला गोड आणि कामाला चिवट. त्यानं ठराव मांडला की रंगमंचाला शाहीर सखाराम हिवराळे यांचं नाव द्यावं. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन. काळ्या दगडावर अक्षरं कोरून झाली तेव्हा अण्णा एकटेच जाऊन पाहून आले. बापाच्या नावावरून त्यांनी बोटं फिरवली. जन्मभर पोती वाहिलेल्या माणसाचं नाव दगडावर. अण्णांना तिथं उभं राहवेना.

आणि अशा वेळी मेघाच्या फोनवर एका बाईचा आवाज आला.

मेघा अण्णांची धाकटी लेक. चितेगावच्या एका कारखान्यात माल तपासायला जाते, आणि सुट्टीच्या दिवशी बापाची गाणी फोनवर घेऊन लोकांसमोर टाकते. काठीचं गाणं तिनं टाकलं होतं, मधलं फोडून सांगणं गाळून नुसती कडवी. ते पाहून शहराच्या जुन्या लष्करी छावणीच्या भागातल्या करुणा खरात नावाच्या बाईंनी नंबर शोधून काढला होता. घाटी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर, धर्मानं ख्रिस्ती. त्या म्हणाल्या, हे गाणं आमचं आहे. आमच्या पणजीच्या वेळेपासून चर्चमध्ये कापणीच्या सणाला बाया म्हणतात. आणि राजा हैदराबादचा नाही, मिसरचा आहे. मेघानं सहज, म्हणजे भांडायच्या आधी जरा वेळ काढावा म्हणून, भुशाच्या ओळीचं विचारलं. सिस्टर एका दमात बोलल्या, की बायबलात आहे की ते. मिसरच्या राजानं गुलामांना विटांसाठी लागणारा भुसा द्यायचा बंद केला आणि विटा मात्र तेवढ्याच मागितल्या. चिखलात भुसा कालवल्याशिवाय वीट धरत नाही ना.

अण्णा शेजारी बसून ऐकत होते. चाळीस वर्षं जी ओळ त्यांना उघडली नाही, ती एका परक्या बाईनं नळाच्या तोटीसारखी उघडली. त्यांची पाचावर धारण बसली.

पहिले दोन दिवस ते नुसते चिडलेले होते. चर्चवाल्यांनीच आपलं गाणं नेलं असणार म्हणाले. मग चिडणंही थांबलं आणि जेवणही. गाणं जर इतकं जुनं असेल तर सखारामानं ते रचलेलं नाही. आणि रचलेलं नसताना शेवटी स्वतःचं नाव घातलं असेल, तर न बोलणारा तो बाप कोण होता? चोर? हा शब्द अण्णांनी तोंडातून काढला नाही, पण मेघाला तो त्यांच्या ताटात दिसत होता.

अभयच्या कानावर गेलं तेव्हा तो धावत आला. त्यानं समजूत काढली, की अण्णा, झाकली मूठ सव्वा लाखाची. पौर्णिमा होऊ द्या, दगड बसू द्या, मग बघू. त्याचं चुकत होतं असं नाही. नाहीतर उद्या कुणीही उठून म्हणेल की गारखेड्याचा शाहीर चर्चचं गाणं चोरून म्हणतो. पण अण्णांचा स्वभाव व्हॉल्व्हवाल्याचा. पाणी कुठं अडलंय हे कळल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. रविवारी दुपारी ते मेघाच्या गाडीवर मागं बसले आणि छावणीत गेले.

सिस्टरचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत, कौलारू, अंगणात तुळशीच्या जागी गवती चहा. बाई ठेंगण्या, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेला. त्यांनी "सलाम, दादा" म्हटलं, अण्णांनी "जयभीम" म्हटलं, मग बाईही "जयभीम" म्हणाल्या. बसायला दिलं, चहा टाकला. पण चढलेल्या भुवया काही खाली आल्या नव्हत्या. पेशंटनं औषध फेकून दिल्यावर नर्सच्या तोंडावर असतो तसा भाव होता.

त्यांनी बायबल काढलं, त्यातलं निर्गम नावाचं पुस्तक उघडलं आणि वाचत गेल्या. अण्णा पहिल्यांदाच ते ऐकत होते. एक जमात परक्या राजाच्या देशात गुलाम झालेली. राजाच्या कोठारांसाठी विटा पाडणारी. मुकादमाचे फटके खाणारी. मग त्यांच्यातलाच एक माणूस, मोशे, हातात काठी घेऊन राजासमोर उभा राहतो आणि म्हणतो, माझ्या लोकांना जाऊ दे. शेवटी मागून राजाचं सैन्य, पुढं समुद्र, आणि पाणी दुभंगून मधून वाट. अण्णा ऐकत राहिले. चहावर साय आली. त्यांना वाटत होतं, हे तर मला पाठ आहे. हे मी चाळीस वर्षं गातोय. फक्त घरं दुसऱ्यांची आहेत.

मग सिस्टरनी गाण्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या पणजीच्या वेळी एका दुष्काळात छावणीच्या रस्त्याची खडी फोडायला बाया बसवल्या होत्या. जवळ एक गोरा साहेब छत्रीखाली खुर्ची टाकून, टोपी घालून बसायचा आणि संध्याकाळी मापानं धान्य द्यायचा. दिवसभर खडी, आणि रात्री मिशनच्या आवारात पाद्री मोडक्या मराठीत मिसरच्या राजाची गोष्ट सांगायचा. बायांना दोन्ही सारखंच दिसलं. राजा कसा असतो, तर खुर्ची टाकून, टोपी घालून, भाकर मोजून देतो असा. त्यांनी दगडावर दगड हाणत गाणं बांधलं. पाद्री इतका खूश झाला की नाताळात त्याच साहेबापुढं त्यांना गायला लावलं. साहेबानंही टाळ्या वाजवल्या.

"त्याच लोकांनी आम्हाला अक्षर दिलं दादा, आणि त्याच लोकांनी खडी फोडून घेतली," सिस्टर म्हणाल्या. "बायांनी दोन्ही ध्यानात ठेवलं. एकही खोटं केलं नाही."

अण्णांनी मान हलवली. साहेबाच्या तोंडावर साहेबालाच मिसरचा राजा म्हणून गाणाऱ्या त्या बाया, अंगावर फाटकं, पोटात मापाचं धान्य, आणि गळ्यात एवढी हिंमत. आजवर त्यांनी स्वतःला शाहीर म्हणवून घेतलं होतं. आता तो शब्द अंगाला मोठा व्हायला लागला होता.

तरी एक गोष्ट त्यांना टोचली, आणि ती त्यांनी विचारली. पुस्तकात मोशे काठी पाण्यावर उचलून धरतो. गाण्यात काठी खाली ठेवतात. असं कसं?

सिस्टर पहिल्यांदा हसल्या. पाद्रीनंही तीच चूक काढली होती म्हणे. काठी उचलली म्हणा, ठेविली नका म्हणू. बाया हो म्हणाल्या आणि तसंच गात राहिल्या. सिस्टरनी लहानपणी आजीला विचारलं तेव्हा आजी म्हणाली होती, "मोशेची काठी देवानं दिलेली, ती उचलायची. आपली काठी गावानं दिलेली. ती ठेवल्याबिगर पाणी हालत नाय."

गावानं दिलेली काठी म्हणजे काय हे अण्णांना कुणी सांगायची गरज नव्हती. वेसकराची काठी. वर घुंगरं लावलेली. महारानं ती घेऊन रात्रभर वेशीवर जागायचं, सरकारी ओझं पुढच्या गावाला वाहायचं, मेल्याचा निरोप पावसापाण्यात पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं, आणि बदल्यात दारोदार भाकरीचा तुकडा मागायचा. ख्रिस्ती झालेले असोत की पुढं बौद्ध झालेले, आज्यापणज्यांच्या हातात काठी एकच होती. आणि त्या खडी फोडणाऱ्या बायांनी देवाच्या पुस्तकातली काठी घेऊन तिला आपली घुंगरं लावली होती. अण्णा तिला चाळीस वर्षं फोटोतली काठी समजत होते. बाबासाहेबांची म्हणा की वेसकराची, पाणी हललं ते खरं, पण कशानं हललं हे आता कळत होतं.

"शेवटचं कडवं एक नाही," सिस्टर सांगत होत्या. "ज्याच्या त्याच्या घराचं वेगळं. घरात ज्यानं पहिल्यांदा काठी ठेवली त्याचं नाव घालायचं. आमच्या घरात याकोबानं ठेवली. शेजारी रिबकाबाईनं. रचणाऱ्याचं नाव त्यात नाहीच, कारण रचणाऱ्या पुष्कळ होत्या. आणि एकदा कडवं घातलं की ते काढायचं नाही, असा नेम आहे." मग त्यांच्या भुवया पुन्हा वर गेल्या. "म्हणून मला राग आला दादा. तुम्ही गाणं उचललंत ते उचललंत. पण सखारामाचं कडवं तुम्ही कुठून घेतलं? ते आमच्या बाया आजही म्हणतात. दर कापणीच्या सणाला."

अण्णांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मेघाकडं पाहिलं तर तीही तशीच बघत होती.

"सखाराम माझा बाप," ते म्हणाले.

सिस्टरनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांनी विचारलं, की आईचं नाव काय? अण्णांनी सांगितलं. बाई उठल्या, अण्णांच्या जवळ येऊन बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. आता त्या सिस्टर राहिल्या नव्हत्या, दहा वर्षांची पोर झाल्या होत्या.

बहात्तरच्या दुष्काळात पैठण रस्त्याला खडीचं काम निघालं होतं. करुणा आईबरोबर जायची. छावणीच्या ख्रिस्ती बाया आणि शहरातल्या बौद्ध बाया एकाच ढिगाऱ्यावर बसायच्या. दुपारी खायला भाजक्या पिठाची सुकडी मिळायची, तीही मापानं. साहेब जाऊन सरकार आपलं झालं होतं, खडी तीच होती. म्हणून बाया तेच गाणं म्हणायच्या. एक विधवा बाई रोज शेजारी बसून ऐकायची, पण म्हणायची नाही. नाव मनकर्णा आणि फर्दापूरकडची, एवढंच ठाऊक होतं. एके दिवशी तिनं विचारलं, शेवटी तुम्ही वेगवेगळी नावं घेता ती कुणाची? बायांनी नेम सांगितला. ती हातोडी खाली ठेवून बसून राहिली. आणि मग बोलायला लागली.

तिचा नवरा गावचा वेसकर होता. धर्मांतराच्या पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी तो चावडीवर गेला, काठी पाटलासमोर जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, ही तुमची. भाषण नाही, घोषणा नाही, दुसरा शब्द नाही. घुंगरं वाजू नयेत म्हणून त्यानं काठी अलगद ठेवली होती, असं ती म्हणाली. गावानं पाणी तोडलं, पिठाची गिरणी बंद केली, आणि चार दिवसांत रात्रीच्या जाळपोळीची कुजबूज ऐकू आली. उजाडायच्या आत दोघं निघाली. वाघूर नदी भरलेली, मागून माणसांचा कालवा. थांबायला जागा नव्हती.

"मग पाणी दुभंगलं का, असं आमच्या एका बाईनं विचारलं," करुणाबाई म्हणाल्या. "तेव्हा तुमची आई काय म्हणाली ते माझी आई मरेपर्यंत सांगायची. म्हणाली, पाणी कुठलं दुभंगतंय, बाई. ह्यो मानूस पुढं, मी त्याच्या धोतराचा सोगा धरून मागं, आन त्याच्याच खांद्यावर पोरगं. त्यानंच छातीनं पाणी दुभंगलं."

खांद्यावर पोरगं. अण्णा ते दोन शब्द पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. शेवटी मेघा हळूच म्हणाली, "अण्णा, ते पोरगं तुम्ही."

त्यांना काहीच आठवत नव्हतं. तीन वर्षांच्या पोराला काय आठवणार? पाण्याचा थंडपणा नाही, बापाच्या डोक्याचा वास नाही. लेकुरवाळी पल्याड गेली, कुणी नाही बुडालं गं, हे त्यांनी हजारो माणसांना डोळे मिटून ऐकवलं होतं, हात उंचावून फोडून सांगितलं होतं, आणि एकदाही त्यांना ठाऊक नव्हतं की न बुडालेलं ते लेकरू पेटी धरून बसलंय. आईनं पोराला का सांगितलं नाही, हेही त्या बायांनी तेव्हाच विचारलं होतं. ती म्हणाली होती, पोरगं तापट आहे, कळलं तर गावात जाऊन डोकं फोडून घेईल. त्याला शहरात नीट जगू द्या. मग तिनं पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा, खडीच्या ढिगावर बसून, सखारामाचं कडवं म्हटलं. सगळ्या बायांनी हातोड्या थांबवल्या होत्या.

अण्णा हुंदके देऊन रडले. परक्या घरात, परक्या बाईसमोर, लेकीसमोर, सत्तरीच्या माणसाला शोभणार नाही असं रडले. भिंतीला टेकून बसलेला, भाकरी येईपर्यंत न बोलणारा तो माणूस त्यांच्यासमोर पुन्हा येऊन बसला होता, आणि आता त्याच्या गप्प बसण्याचीसुद्धा भीती वाटावी एवढा तो मोठा झाला होता. पन्नास वर्षं एका चर्चमधल्या बाया त्याचं नाव घेत होत्या, आणि पोराला पत्ता नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी अभयला बोलावून सगळं सांगितलं आणि म्हणाले, दगडावरचं नाव राहू दे. शाहीर हा शब्द तेवढा काढ. अभय डोक्याला हात लावून बसला. दगडावर कोरलंय अण्णा, खडूनं लिहिलेलं नाही, म्हणाला. कोरलेला शब्द काढायचा तर दगडच नवा घ्यावा लागेल, आणि लोकांना काय सांगायचं? चाळीस वर्षं जे सांगितलं ते खोटं होतं, असं? अण्णा म्हणाले की लोकांना मी सांगतो, तू दगड कापडानं झाकून ठेव.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी मैदान भरलं. उकाडा मी म्हणत होता. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या बाया, त्यांच्यात मेघानं आणून बसवलेल्या करुणाबाई. रंगमंचाच्या कडेला कापडानं झाकलेला दगड आणि त्याची दोरी हातात धरून अभय. संघपालनं ढोलकी आवळली. अण्णांनी पेटीवर हात ठेवला आणि गायला सुरुवात केली, "मिसर देशी राजा बसला." लोकांत चुळबुळ झाली. चुकले वाटतं अण्णा, असं कुणीतरी म्हणालं. ते थांबले नाहीत.

मग रीतीप्रमाणे त्यांनी फोडून सांगितलं. राजा कोण, टोपी कुणाची, खडीवरच्या बाया कोण, भुसा कशाला लागतो. भुशाची ओळ आज पहिल्यांदा त्यांनी पेटी हलकी करून सांगितली. काठी खाली का ठेवायची हे सांगितलं तेव्हा म्हाताऱ्यांच्या रांगेतून एक लांब श्वास ऐकू आला. शेवटच्या कडव्याला आले आणि त्यांनी पेटी बंद केली.

"म्या तुमाला चाळीस वर्सं सांगितलं की माझा बाप शाहीर व्हता," ते म्हणाले. "नव्हता. त्याला गाता येत नव्हतं. बोलताबी येत नव्हतं धड. त्यानं काठी ठेवली आन मला खांद्यावर घेऊन वाघूर पार केली. गाणं बायांनी रचलं. नाव माझ्या आईनं घातलं."

अण्णांनी नेमाचं सांगितलं, की कडवं घराघराचं असतं, घालता येतं, काढता येत नाही. मग पेटीशिवाय, नुसत्या ठेक्यावर, बापाचं कडवं म्हटलं. ते संपलं आणि पुढं काय करायचं हे त्यांना कळेना. संघपाल ठेका वाजवत राहिला.

तेवढ्यात रांगेतून रत्नमालाबाई उठल्या. अभयची आई. कधी चारचौघांत मोठ्यानं न बोललेली बाई. पदर डोक्यावर नीट घेऊन त्यांनी म्हटलं, "कचरूबानं ठेविली काठी, पाणी दुभंगलं गं." कचरूबा त्यांचा सासरा. अभयचा आजा. अभय दोरी हातात धरून आईकडं बघत राहिला. त्याला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग एक म्हातारी उठली. मग दुसरी. करुणाबाईंनी याकोबाचं कडवं म्हटलं आणि गारखेड्याच्या बायांनी त्याला झील धरली. एकीनं सांगितलं की आमच्यात काठी नव्हती, भाकरी मागायची टोपली होती. तिनं "सासूनं ठेविली टोपली" असं म्हटलं, आणि गाण्यानं तेही सामावून घेतलं. बाप्येही उठायला लागले. कुणाचा आजा, कुणाची मावशी, कुणाचा भाऊ, पुस्तकात नसलेली, कुठल्या दगडावर नसलेली नावं एकामागून एक त्या मैदानात येऊन उभी राहत होती. अण्णा पेटीवर हात ठेवून नुसते बसले होते. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाणं फोडून सांगितलं होतं. आज लोक त्यांना सांगत होते. अभयच्या हातातली दोरी केव्हाच गळून पडली होती. दगडावरचं कापड काढायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

अचानक ठेका थांबला. सगळ्यांनी वळून पाहिलं. संघपाल ढोलकीवर हात पसरून बसला होता. चाळीस वर्षं अण्णांच्या शेजारी बसून त्यानं हेच गाणं वाजवलं होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "आमच्या घरात कोनी ठेवली, मला ठावं नाय."

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. संघपालची आई वस्तीच्या टोकाला खाटेवर पडून असते, नव्वदीला आलेली, कानानं कमी ऐकणारी. पण आहे.

"तुझी माय हाय अजून," अण्णा म्हणाले. "जाय. इचारून ये."

संघपालनं ढोलकी बाजूला ठेवली, चपला न घालताच रंगमंचावरून उतरला आणि गर्दीतून वाट काढत निघाला. माणसं बाजूला सरकून त्याला जागा देत गेली. बायांनी टाळ्यांवर ठेका धरून ठेवला. तो परत येईपर्यंत कुणी उठलं नाही.